घर मोकळं करायचंय? आधी भिंत ओळखा

सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबई, ठाणे, पुणे इथे बांधलेल्या बऱ्याच फ्लॅटांची आखणी सारखीच आहे. दारातून आत आलं की हॉल, हॉलच्या टोकाला तीन फुटी पॅसेज, पॅसेजच्या एका बाजूला किचन, दुसऱ्या बाजूला संडास-बाथरूम आणि शेवटी बेडरूम. पाहुण्यांच्या नजरेपासून स्वयंपाकघर आड राहावं आणि प्रत्येक खोलीला दार असावं, ही तेव्हाची अपेक्षा होती. आता त्याच घरांत राहणाऱ्यांची गरज बदलली आहे. एकाने आत स्वयंपाक करायचा आणि बाकीच्यांनी बाहेर गप्पा मारायच्या, हे अनेकांना नकोसं वाटतं. किचनमध्ये भर दुपारी दिवा लावावा लागतो. पॅसेज चालण्यापलीकडे कशाला उपयोगी पडत नाही. अशा घरात मधली भिंत काढून टाकावी, असं वाटणं साहजिक आहे.

योग्य भिंत योग्य रीतीने काढली, तर लहान घरातलं रोजचं जगणं खरोखर सुखाचं होतं. मात्र बहुमजली इमारतीत तुमच्या घरातली भिंत वरच्या-खालच्या घरांशीही जोडलेली असते. ती काय काम करते हे कळल्याशिवाय तिच्यावर हातोडा पडता कामा नये.

## नेमकं काय हवं आहे?

‘मोकळं घर’ या इच्छेत तीन-चार वेगळ्या गरजा मिसळलेल्या असतात. त्या आधी सुट्या करून घ्याव्यात.

पहिली गरज उजेडाची. हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे आणि किचनची खिडकी अरुंद डक्टमध्ये उघडते, अशा घरात मधली भिंत उघडली की हॉलचा उजेड किचनपर्यंत पोचतो. दुसरी गरज वाऱ्याची. समोरासमोरच्या खिडक्यांमध्ये आडवी भिंत असेल तर वारा घरातून आरपार जात नाही. तिसरी गरज वावराची: जेवणाचं टेबल कुठे ठेवायचं, दार उघडल्यावर त्याच्या मागची जागा कशी वापरायची. चौथी गरज माणसांची. पोळ्या लाटताना हॉलमध्ये अभ्यास करणाऱ्या मुलाकडे लक्ष ठेवता यावं, अशी ती असते.

जागा किती वाढेल, याचा हिशेबही आधीच करावा. दहा फूट लांबीची, गिलाव्यासकट सहा इंच जाडीची भिंत काढली तर जमीन मिळते फक्त पाच चौरस फूट. तीन फूट रुंद आणि आठ फूट लांब पॅसेज हॉलमध्ये सामावून घेतला, तर मात्र चोवीस चौरस फूट जागा वापरात येते. म्हणजे खरा लाभ भिंतीच्या जाडीतून मिळत नाही. भिंतीमुळे वाया गेलेली जागा वापरात आली की तो मिळतो. कागदावरचं क्षेत्रफळ मात्र तेवढंच राहतं, कारण रेरा कायद्यातल्या चटई क्षेत्राच्या व्याख्येत घरातल्या मधल्या भिंतींखालची जागा आधीच धरलेली असते.

## इमारत कशावर उभी आहे?

भिंत काढता येईल की नाही, हे सर्वांत आधी इमारतीच्या बांधणीवर ठरतं. महाराष्ट्रातल्या शहरांत ढोबळमानाने चार प्रकारची घरं दिसतात.

आरसीसी सांगाडा. गेल्या पाच-सहा दशकांतल्या बहुतेक सोसायट्या या प्रकारच्या. स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर आणि कॉलमचा पायावर जातो. मधल्या भिंती सांगाडा तयार झाल्यावर भरलेल्या असतात. फ्रेंच-स्विस वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी १९१४ साली मांडलेला ‘डोम-इनो’ हा आराखडा याच कल्पनेवर उभा होता: स्लॅब आणि खांब भार उचलतील, मग भिंती हव्या तिथे घ्या किंवा घेऊच नका. भिंत काढून घर मोकळं करण्याची शक्यता मुळात या पद्धतीमुळे निर्माण झाली.

भार वाहणाऱ्या भिंतींची इमारत. जुने बंगले, रो-हाउस, दोन-तीन मजली चाळवजा इमारती आणि लहान गावांतली पक्की घरं अनेकदा या प्रकारची असतात. इथे कॉलम नसतात. स्लॅब थेट नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंतीवर टेकलेला असतो. अशी भिंत काढणं म्हणजे वरच्या स्लॅबचा आधार काढणं.

लाकडी सांगाड्याची घरं. पुण्यातले वाडे आणि गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळी यांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये विटांचं भरकाम असतं. वाड्याचं मोजमापच खणांवर होतं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. इथे खांब बऱ्याचदा भिंतीच्या पोटात लपलेला असतो आणि वाळवीने किंवा ओलीने त्याचं बूड पोखरलेलं असण्याची शक्यता असते. अशा वेळी भोवतीचं विटकामच त्या खांबाला सांभाळून असतं.

काँक्रीटच्या भिंतींची इमारत. गेल्या काही वर्षांत उंच इमारतींसाठी ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंत आणि स्लॅब एकत्र ओतण्याची पद्धत रूढ झाली आहे. बांधकाम क्षेत्रात तिला ‘मायव्हान’ म्हणतात. या इमारतींत घरातल्या पुष्कळशा भिंती सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि त्याच इमारतीला उभं धरतात. त्यांची जाडी अनेकदा चार ते सहा इंच एवढीच असते, म्हणजे साध्या पार्टिशनइतकी. अशा घरात काँक्रीटची भिंत पाडायची नाहीच, तिच्यात नवं दार किंवा खिडकीही कापायची नाही. घर विकत घेतानाच हा प्रश्न बिल्डरला विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं.

## भिंत ओळखण्याच्या खुणा

इंजिनिअर येण्याआधी घरमालकाने स्वतः पाहण्यासारख्या काही गोष्टी आहेत. त्यांवरून निर्णय घ्यायचा नसतो, पण इंजिनिअरला नेमके प्रश्न विचारता येतात.

- जाडी. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा. गिलावा धरून पाच-सहा इंच भरली, तर ती साडेचार इंची विटांची किंवा हलक्या ब्लॉकची पार्टिशन असण्याची शक्यता मोठी. दहा इंच किंवा जास्त भरली, तर सावध व्हा.
- आतला माल. भिंतीत खिळ्यासाठी ड्रिल केल्यावर पडणारी भुकटी पाहा. विटेची भुकटी लालसर असते, हलक्या ब्लॉकची पांढरट-करडी आणि मऊ. ड्रिल पुढे सरकतच नसेल आणि करडी, कडक पूड येत असेल, तर आत काँक्रीट असू शकतं.
- वरचा बीम. भिंतीच्या माथ्यावर छतातून खाली उतरलेला बीम दोन्ही टोकांना कॉलमपर्यंत जात असेल, तर भार बहुधा बीम उचलतो आणि खालची भिंत भरकाम असते. बीम मात्र कधीही कापायचा, तासायचा किंवा भोकं पाडून कमकुवत करायचा नाही.
- वरचे-खालचे मजले. शेजाऱ्यांची घरं पाहून या. तीच भिंत प्रत्येक मजल्यावर त्याच जागी, तळापर्यंत जाड आहे का? असेल, तर ती भार वाहत असल्याची शंका बळावते.
- खोलीचा आकार. खोली रुंदीच्या दुपटीहून लांब असेल, तर तिचा स्लॅब सहसा लांब बाजूच्या दोन आधारांवर टेकतो. बिनकॉलमच्या घरात म्हणूनच लांब भिंती अधिक महत्त्वाच्या ठरतात.

भिंतीवर टकटक करून ‘पोकळ वाजते, म्हणजे काढायला हरकत नाही’ असं सांगणारे मिस्त्री भेटतात. आवाजावरून भार कळत नाही. गिलावा विटेपासून सुटला असला तरी भिंत पोकळ वाजते.

सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे मंजूर नकाशा आणि आरसीसी नकाशे. ते सोसायटीच्या दप्तरात, बिल्डरकडे किंवा महापालिकेत मिळू शकतात. नकाशे मिळाले नाहीत, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर सळया शोधणारं यंत्र फिरवून, दोन-तीन जागी गिलावा खरवडून आणि रिबाउंड हॅमरने काँक्रीटचा कस अजमावून अंदाज बांधतो. हे काम इंटिरिअर डिझायनरचं नव्हे आणि ठेकेदाराचंही नव्हे.

## भार नसलेली भिंतही काम करते

‘ही नुसती पार्टिशन आहे’ या वाक्यानंतर चौकशी थांबते, आणि तिथेच धोका सुरू होतो.

जुन्या इमारतीत स्लॅब वर्षानुवर्षं सूक्ष्म प्रमाणात खाली वाकत जातो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत सळया गंजल्या असतील, तर हे वाकणं वाढतं. बांधताना ज्या भिंतीवर कसलाच भार नव्हता, तिच्या माथ्यावर चाळीस वर्षांनी स्लॅब टेकलेला असू शकतो. नकाशा तिला पार्टिशनच म्हणेल, पण आज ती टेकू झालेली असते. ती काढल्यावर छताला भेगा जातात, वरच्या घरातल्या फरशा उचकटतात, दारं अडकू लागतात. तीस वर्षांपुढच्या इमारतीत नुसता नकाशा पाहून भागत नाही, ते याचसाठी. स्लॅबची आजची अवस्था तपासावीच लागते.

दुसरं काम भूकंपाच्या वेळचं. विटांच्या भिंती सांगाड्याला आडव्या धक्क्यात ताठपणा देतात. एका मजल्यावरच्या भिंती काढून टाकल्या आणि वरचे मजले तसेच राहिले, तर तो मजला इतरांपेक्षा लवचीक होतो आणि हादऱ्याचा सगळा जोर त्याच मजल्याच्या खांबांवर येतो. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात, केंद्रबिंदूपासून दूर असलेल्या अहमदाबादेतही अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवलेला होता. एका फ्लॅटातली एक पार्टिशन काढल्याने असं घडत नाही. पण एका मजल्यावरच्या चारही घरांनी, एकमेकांना न सांगता, दोन-दोन भिंती काढल्या तर इमारतीचा तोल बदलतो. सोसायटीने परवानग्यांची एकत्र नोंद ठेवायला हवी, ती या कारणासाठी.

## मुंबईतल्या दोन दुर्घटना

२७ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली. तिच्यात महापालिकेचे कर्मचारी कुटुंबांसह राहत होते. ६१ जणांचा जीव गेला. तळमजल्यावरच्या गोदामात परवानगीशिवाय केलेल्या फेरबदलांवर त्यानंतर बोट ठेवलं गेलं.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात इमारतीच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला.

दोन्ही ठिकाणी बोट तळमजल्याकडे गेलं आणि जीव वरच्या मजल्यांवरच्या माणसांचे गेले. तळमजल्याच्या भिंती आणि खांब वरच्या सगळ्या मजल्यांचं ओझं उचलतात. तळमजल्यावर दुकान किंवा दवाखाना असेल आणि तिथे तोडफोडीचा आवाज येत असेल, तर ‘काय चाललंय, कोणाच्या परवानगीने?’ असं विचारणं हा वर राहणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे. तो संकोच न करता बजावावा.

## परवानग्यांचा क्रम

पहिला दरवाजा सोसायटीचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदस्याला आपल्या घरात फेरबदल करण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. अर्जासोबत आजचा नकाशा, प्रस्तावित नकाशा, इंजिनिअरचं पत्र आणि ठेकेदाराची माहिती जोडावी. अध्यक्षांच्या तोंडी होकारावर काम सुरू करू नये.

दुसरा दरवाजा महापालिकेचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यात इमारतीच्या फक्त आतल्या भागापुरत्या मर्यादित कामांना एक सूट आहे. ती सूट म्हणजे सांगाड्याला हात लावण्याचा परवाना नव्हे. मुंबईत महापालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ प्रमाणे ठरावीक फेरबदलांआधी आयुक्तांना सूचना द्यावी लागते. शिवाय प्रत्येक शहराला विकास नियंत्रण नियमावली लागू असते. रंग, फरशी, गिलावा ही साधी दुरुस्ती आणि भार वाहणारी भिंत, बीम, कॉलम किंवा बाहेरची भिंत यांना हात लावणं, यांत नियम फरक करतात. तुमचं काम कोणत्या गटात बसतं, हे परवानाधारक आर्किटेक्टकडून किंवा इंजिनिअरकडून लिहून घ्यावं.

शेजारचा फ्लॅट विकत घेऊन मधली भिंत उघडणं, म्हणजे मुंबईत ज्याला जोडी फ्लॅट म्हणतात ते, वेगळं प्रकरण आहे. ती भिंत दोन मालमत्तांमधली असते. तिथे सोसायटीबरोबर महापालिकेचीही मंजुरी घ्यावी. पागडीच्या किंवा भाड्याच्या खोलीत मालकाची लेखी संमती हवी.

नव्या इमारतीत आणखी एक बाब येते. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातले दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरवर असते. या काळात तुम्ही भिंती हलवल्या, तर पुढे भेग दाखवताच ‘हे तुमच्या कामामुळे झालं’ असं उत्तर मिळू शकतं. पाच वर्षं थांबणं शक्य नसेल, तर काम सुरू करण्याआधी घराची तारखेसह छायाचित्रं काढून ठेवावीत.

## पूर्ण भिंत की अर्धी?

भिंत पूर्ण काढायची की ठेवायची, एवढे दोनच पर्याय नसतात. या दोन टोकांच्या मध्ये बरंच काही करता येतं आणि अनेकदा तेच अधिक सोयीचं पडतं.

दार मोठं करणं. अडीच फुटी दाराच्या जागी पाच-सहा फुटांचं उघडं प्रवेशद्वार घेतलं, तर दोन खोल्या एकमेकींना जोडल्या जातात आणि भिंतीचे दोन तुकडे दोन्ही बाजूंना उरतात. त्यांवर स्विचबोर्ड, कपाट, देवघर यांना आधार मिळतो.

कमरेइतकी भिंत. किचन आणि हॉलमधली भिंत तीन-साडेतीन फुटांवर कापून वर ग्रॅनाइट टाकलं की ओट्याला जोडून वाढप करायची जागा तयार होते. सिंकमधली भांडी हॉलमधून दिसत नाहीत, पण माणसं दिसतात. अर्धी विटांची भिंत माथ्यावर मोकळी राहणार असल्याने तिच्या टोकाला आधार द्यावा आणि वरून काँक्रीटचा पट्टा घालावा. नाहीतर रेटल्यावर ती हलते.

सरकती काचेची दारं. फोडणीच्या वेळी बंद, एरवी उघडी. लहान घरातल्या रोजच्या स्वयंपाकाला ही सोय मानवते.

वरची खिडकी. फक्त उजेड हवा असेल, तर भिंतीच्या वरच्या भागात काचेची पट्टी किंवा जाळी पुरते. खालची भिंत तशीच राहते आणि फ्रिज, कपाट यांना जागा मिळते.

भिंत न काढता. पॅसेजची दारं काढणं, माळा कमी करणं, हॉलचं जड फर्निचर बदलणं, उघडणाऱ्या दाराऐवजी सरकतं दार लावणं, इतक्यानेही घर पुष्कळ मोकळं वाटू लागतं. आधी हे करून महिनाभर राहून पाहावं. पुढचा खर्च कदाचित लागणारच नाही.

भिंत गेली की तिच्याबरोबर काय जाईल, याचीही यादी करा. भिंतीला लागून असलेलं कपाट, माळ्यावरचं सामान, फ्रिजची जागा, दोन स्विचबोर्ड, खोलीचं दार. दहावीच्या वर्षातला मुलगा, घरून काम करणारी सून आणि टीव्ही पाहणारे आजोबा एकाच मोकळ्या जागेत आले, तर शांतता कुठे मिळेल? अशा घरात किमान एक खोली दारासह राखून ठेवावी.

## किचन उघडताना

आपल्या स्वयंपाकात फोडणी, तळण, मसाला परतणं रोजचं असतं. त्याचा धूर आणि तेलाचे कण भिंत गेल्यावर थेट सोफ्याच्या कापडावर आणि पुस्तकांवर बसतात. म्हणून किचन उघडायचं असेल, तर बाहेर हवा सोडणारी चिमणी आवश्यक आहे. नळी जितकी लांब आणि जितके वळसे जास्त, तितकी तिची ओढ कमी होते. चिमणी त्यामुळे बाहेरच्या भिंतीजवळ असावी. धूर गाळून तीच हवा पुन्हा घरात सोडणारी चिमणी उघड्या किचनला पुरत नाही. चिमणीशिवाय खिडकीतला पंखाही असू द्यावा.

गॅसची जोडणी स्वतः किंवा प्लंबरकडून हलवू नये. पाइपने येणारा गॅस असेल तर नळी, मीटर आणि झडप यांतले बदल गॅस कंपनीच्या अधिकृत माणसांकडूनच करून घ्यावेत. नळी भिंतीत किंवा फॉल्स सीलिंगमध्ये गाडू नये. खाली साचणाऱ्या सिलिंडरच्या गॅसला बाहेर जायला जमिनीलगत वाट हवी, तर पाइपचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने त्याला वर वाट लागते. नवी मांडणी करताना या दोन्ही वाटा बंद होत नाहीत ना, हे पाहावं.

मोकळं होण्याच्या नादात किचन किंवा न्हाणीघर दुसऱ्या जागी हलवू नये. तुमचं नवं सिंक खालच्यांच्या बेडरूमवर आलं, तर गळतीचा त्रास त्यांना होतो आणि ती दुरुस्त करणं दोन्ही घरांना जड जातं.

## पाडकाम कसं चालावं

परवानग्या हाती आल्यावर कामाचा क्रम असा असावा.

आधी भिंतीतल्या वायरिंगचा वीजपुरवठा मुख्य बोर्डावरून बंद करून वायरी काढून घ्याव्यात. पाण्याची नळी असेल तर तीही बंद करून तोंड बुजवावं. मग दाराची चौकट मोकळी करावी. भिंत वरून खाली, थराथराने उतरवावी. खालून विटा काढून वरचा भाग ढासळू देणं मजुरांच्या जिवावर बेतू शकतं. जिथे भिंत बीमला किंवा कॉलमला भिडते, तिथे आधी कटरने सरळ रेघ मारून सांधा तोडावा, म्हणजे हादरे सांगाड्यात जात नाहीत. मोठ्या ब्रेकरऐवजी हातोडी-छिन्नी आणि कटर वापरणं जुन्या इमारतीला मानवतं. वेळ जास्त लागतो, तो लागू द्यावा.

राडारोड्याचं वजन लोकांच्या लक्षात येत नाही. दहा फूट लांब, दहा फूट उंच, साडेचार इंची विटांची भिंत गिलाव्यासकट सुमारे अडीच टन भरते. घरातल्या खोल्यांचे स्लॅब फर्निचर आणि माणसांसाठी साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेले असतात. विटांचा एक फूट उंचीचा ढीग त्याच्या जवळपास दुप्पट भार टाकतो. राडारोडा रोजच्या रोज पोत्यांत भरून खाली न्यावा, आणि तोवर पोती खोलीच्या मधोमध न रचता कडेला, पसरून ठेवावीत. लिफ्टची वजनमर्यादा ओलांडू नये. हा माल नाल्यात किंवा खाडीकाठी न टाकता महापालिकेने ठरवलेल्या व्यवस्थेकडेच गेला पाहिजे. मुंबईत मागणी नोंदवून डेब्रिज उचलून नेण्याची महापालिकेची सेवा आहे.

विटा आणि सिमेंटची बारीक धूळ फुप्फुसांत जाते. मजुरांना मास्क, चष्मा आणि हेल्मेट देणं ही ठेकेदाराची जबाबदारी आहे, पण ती पाळली जाते का, हे घरमालकाने स्वतः पाहावं. वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांना कामाच्या तारखा आधी कळवाव्यात. घरात आजारी माणूस, तान्हं मूल किंवा परीक्षा असेल, तर दुपारचे काही तास काम थांबवावं.

## भार वाहणारी भिंत काढायची असेल तर

स्वतःच्या बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये, इंजिनिअरच्या आराखड्यानुसार, हे करता येतं. लहान दाराच्या वर फक्त थोड्या विटकामाचा त्रिकोणी भाग लिंटेलवर येतो, बाकीचा भार दोन्ही बाजूंना वाटला जातो. रुंद उघडीप केली की हा वाटा मोडतो आणि स्लॅबसकट सगळा भार नव्या बीमवर येतो. म्हणून आधी स्लॅबला दोन्ही बाजूंनी जॅकचे टेकू देतात. हे टेकू खालच्या मजल्यावरही, थेट जमिनीपर्यंत, एकाखाली एक द्यावे लागतात. मग पोलादी आय-सेक्शन बसवतात. त्याची टोकं नुसत्या विटांवर न टेकवता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर किंवा नव्या खांबांवर टेकवतात, आणि तिथल्या पायाला वाढलेला भार पेलतो का, हे तपासतात. बीम आणि स्लॅबमधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने ठासून भरल्यावर आणि ते पक्कं झाल्यावरच टेकू काढतात. कोपऱ्याला लागून उघडीप घ्यायची नाही, कारण दोन भिंतींचा जोड तिथे इमारतीला आडव्या धक्क्यापासून सांभाळतो.

अपार्टमेंटमध्ये या वाटेला जाऊ नये. तिथे खालच्या प्रत्येक घरात टेकू द्यावे लागतील आणि धोका सगळ्यांच्या वाट्याला येईल.

## भिंत गेल्यानंतर

जमिनीवर सहा इंचांची उघडी पट्टी राहते. जुन्या मोझेक फरशीचा तोच रंग आता मिळत नाही, तेव्हा ग्रॅनाइटची किंवा वेगळ्या रंगाची पट्टी आखून टाकणं उत्तम. दोन खोल्यांच्या पातळीत अर्धा-पाऊण इंच फरक निघू शकतो. घरात वयस्कर माणसं असतील, तर तिथे पायरी न ठेवता हलका उतार करावा. छतातला बीम तसाच दिसेल. तो झाकण्यासाठी सगळं छत खाली आणू नये, उंची गमावली की मोकळेपणाही जातो.

एसीचा हिशेब बदलतो. हॉलपुरता घेतलेला एक टनाचा एसी हॉल आणि किचन मिळून झालेल्या जागेला पुरत नाही, शिवाय शेगडीची उष्णता त्यात भर घालते. सरकतं दार इथेही कामी येतं.

पुढचा एक पावसाळा आणि एक उन्हाळा छताकडे आणि उरलेल्या भिंतींकडे लक्ष ठेवा. गिलाव्यातली केसासारखी भेग सामान्य असते. भेग रुंदावत असेल, तिरपी जात असेल किंवा वरच्या घरातही दिसत असेल, तर लगेच इंजिनिअरला बोलवा.

## फाईल बनवा

काम संपल्यावर एक फाईल तयार करा: जुना नकाशा, नवा नकाशा, इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं पत्र, सोसायटीची आणि महापालिकेची कागदपत्रं, गिलावा होण्याआधीच्या उघड्या कामाची छायाचित्रं. तिची एक प्रत सोसायटीच्या दप्तरात द्या. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. ऑडिट करणाऱ्याला कोणत्या घरात काय काढलं हे कळलं नाही, तर त्याचा अहवाल अपुरा राहतो. उद्या तुमचं घर विकत घेणाऱ्यालाही आपल्या छताला आधार कशाचा आहे, हे कळायला हवं. अशी फाईल तयार होऊन सोसायटीत जमा होईपर्यंत भिंतीचं काम पूर्ण झालं असं समजू नये, आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ताही तोवर देऊ नये.